तारायंत्राचे दोन वारसदार

१९८६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मेहुण्याच्या जीपमधून आम्ही नाशिकहून मुंबईला निघालो होतो. घाटातल्या धुक्यासाठी त्याने बंपरवर शंभर-शंभर वॉटचे दोन जादा दिवे बसवून घेतले होते. कसारा घाट उतरताना डॅशबोर्डाखालून जळका वास आला, धूर निघाला आणि सगळे दिवे एकदम गेले. पुढे वळण, बाजूला दरी. वेळेवर ब्रेक लागले, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.

सकाळी घाटाखालच्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याने फ्यूज काढून दाखवला. तो पूर्वी कधीतरी उडाला असणार, कारण कुणीतरी त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. "साहेब, फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो," तो म्हणाला. हे वाक्य मी विसरलो नाही. पुढे त्याचा इतिहास शोधताना मी मोटारीपासून निघालो आणि पोहोचलो थेट तारायंत्रापाशी.

तारायंत्राच्या तारांवर वीज कोसळली की ठाण्यातली यंत्रे जळत. १८४७ मध्ये फ्रान्सच्या लुई ब्रेगे यांनी उपाय सुचवला, की ठाण्यात शिरणाऱ्या तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा. आधी तो वितळेल, यंत्र वाचेल. हाच फ्यूजचा पूर्वज. पुढे घरोघरी वीज देताना एडिसनने १८९० मध्ये फ्यूजचे पेटंट घेतले.

रिलेची कहाणी त्याहून जुनी. लांबच्या तारेत प्रवाह क्षीण होत जातो. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी दाखवले, की तेवढ्या क्षीण प्रवाहानेही लहानसा विद्युतचुंबक हलवून दुसऱ्या, जोरकस प्रवाहाची वाट उघडता येते. डाकेच्या टप्प्यावर थकलेला घोडा सोडून ताजा जोडावा, तसेच हे. रिले या शब्दाचा एक जुना अर्थही टप्प्यावरचे ताजे घोडे असाच आहे. १८४४ मध्ये मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश धाडला, तो याच तत्त्वाच्या आधारावर.

आता आमच्या जीपचा हिशेब पाहा. दोनशे वॉट भागिले बारा व्होल्ट, म्हणजे सुमारे सतरा अँपिअर. एवढा प्रवाह डॅशबोर्डावरच्या नाजूक स्विचमधून आणि बारीक तारेतून नेला होता. तार तापली, तिचे आवरण वितळले. शेजारच्या तारांनाही त्याची झळ लागली आणि मूळचे दिवेही गेले.

म्हाताऱ्याने बॉनेटखाली एक छोटी पाटी बसवली. बॅटरीतून जाड तार काढली, बॅटरीच्या अगदी जवळ तिला मोठा फ्यूज दिला. कारण फ्यूजच्या अलीकडची तार बेवारस असते. तिथून रिले, आणि रिलेतून प्रत्येक दिव्याला पंधरा अँपिअरचा वेगळा फ्यूज. रिलेवर चार आकडे होते. तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवे, पंच्याऐंशी आणि शहाऐंशीला चुंबकाच्या वेटोळ्याची दोन टोके. स्विचमधून आता जेमतेम पाव अँपिअर जाऊ लागला. हुकूम स्विचचा, काम रिलेचे!

आजच्या गाड्यांत पात्याचे रंगीत फ्यूज असतात. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. रंग बदलले, नियम तोच. फ्यूज वारंवार उडत असेल तर तो मोठा घालू नका. तो का उडतो ते शोधा. तार जेवढे सोसेल, त्याहून मोठा फ्यूज म्हणजे ती चांदीच.

आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण रात्री जादा दिवे लावताना बॉनेटखाली 'टक्' असा आवाज येतो, तेव्हा मला वाटते, तारायंत्र अजून बोलते आहे. घाटातली ती रात्र आठवते आणि मी तो आवाज कान देऊन ऐकतो.