पक्ष्यांचे आवाज टिपण्यासाठी रेकॉर्डर कसा निवडावा?

खोपोली, प्रतिनिधी

पक्षिनिरीक्षण म्हटले, की दुर्बीण आणि कॅमेरा आठवतो. मात्र दाट झाडीत पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो आणि पुष्कळदा केवळ ऐकूच येतो. पावशा, तांबट, रातवा यांची ओळख बहुतेकांना आवाजानेच होते. खोपोली-कर्जत परिसरात अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऐन पावसाळ्यात येतो. त्या वेळी झाडी गच्च आणि प्रकाश अपुरा असतो. कॅमेऱ्याच्या मर्यादा जिथे जाणवतात, तिथे खिशात मावणारा ध्वनिमुद्रक म्हणजेच रेकॉर्डर कामी येतो. तो विकत घेताना किंमत आणि ब्रँड यांपेक्षा अन्य काही गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात.

आवाज हाही पुरावाच

पश्चिम घाटाच्या वनांतही आढळणाऱ्या शामा पक्ष्याचा आवाज १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर टिपला. पिंजऱ्यातल्या त्या शामाचा आवाज हे पक्ष्याच्या गाण्याचे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण मानले जाते. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर रानपिंगळ्याचे उदाहरण बोलके आहे. १८८४ नंतर खात्रीची नोंद नसलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याच्या आवाजांचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि साध्या पिंगळ्यासारख्या दिसणाऱ्या या पक्ष्याला ओळखण्याची आणखी एक खूण अभ्यासकांच्या हाती आली. पुढे २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला.

सांगलीचे शरद आपटे यांच्यासारख्या अभ्यासकांनी पक्ष्यांचे आवाज जमवून ते सर्वांना उपलब्ध करून दिले. २००५ मध्ये नेदरलँड्समधून सुरू झालेल्या 'झेनो-कॅन्टो' या खुल्या संग्रहात तर कोणीही आपले ध्वनिमुद्रण जमा करू शकतो. तेव्हा हौस म्हणून टिपलेला आवाजही नोंद ठरू शकतो. अट एवढीच, की तो स्वच्छ हवा.

घाटाची घरघर, ओढ्याची खळखळ

स्वच्छ आवाज मिळवणे खोपोलीत सोपे नाही. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाजवळून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग जातो. घाट चढणाऱ्या मालमोटारींची घरघर, कारखाने आणि कर्जतहून येणारी लोकल यांचे आवाज दरीत दूरवर पोहोचतात. पावसाळ्यात त्यात ओढे-धबधब्यांची भर पडते.

या दोन प्रकारच्या गोंगाटांत फरक आहे. वाहनांच्या आवाजाचा मोठा भाग खालच्या पट्टीत असतो. बहुतेक छोटे पक्षी त्याहून बऱ्याच वरच्या पट्टीत गातात. त्यामुळे रेकॉर्डरमधील 'लो-कट' ही खालचे स्वर गाळणारी सोय येथे उपयोगी पडते. पाण्याचा आवाज मात्र खालपासून वरपर्यंत सर्वच पट्ट्यांत पसरलेला असतो. तो गाळायला गेल्यास पक्ष्याचा आवाजही गाळला जातो. ओढ्याकाठी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर किंवा रायगडचा जिल्हा पक्षी असलेला तिबोटी खंड्या टिपायचा, तर पाण्याकडे पाठ करून माइक पक्ष्याकडे रोखणे हाच उपाय.

आकड्यांत काय पाहावे?

पक्ष्याचा आवाज लांबून आणि क्षीण येतो. तो मोठा करताना रेकॉर्डरची स्वतःची 'सूं' अशी खरखरही मोठी होते. म्हणून माहितीपत्रकात सर्वप्रथम 'इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज' हा आकडा शोधावा. तो उणे १२० डीबीयू किंवा त्याहून खाली असल्यास उत्तम. सभा-मुलाखतींसाठी बनवलेल्या स्वस्त व्हॉइस रेकॉर्डरच्या माहितीपत्रकात बहुधा हा आकडाच नसतो.

ध्वनिमुद्रण 'वेव्ह' प्रकारात करता यायला हवे. एमपीथ्रीमध्ये जागा वाचते, परंतु त्यासाठी आवाजाचे काही तपशील कायमचे टाकून दिले जातात. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही मांडणी पक्ष्यांसाठी पुरेशी आहे. तिच्यात २४ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर नोंदवता येतात. मनुष्याच्या कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ आहे. या मांडणीत दोन चॅनेलच्या एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. म्हणजेच ३२ गिगाबाइटच्या कार्डावर तीसएक तास मावतात. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातींना भुलण्याचे कारण नाही.

अलीकडच्या काही रेकॉर्डरमध्ये '३२ बिट फ्लोट' ही सोय असते. पक्षी अचानक जवळ येऊन ओरडला, तरी रेकॉर्डरमध्ये आवाज फाटत नाही. नवशिक्यांना ती सोयीची आहे; पण तिच्यामुळे माइकची खरखर कमी होत नाही.

खरा खर्च माइकवर

रेकॉर्डरचे अंगचे माइक सर्व बाजूंचा आवाज घेतात. एकाच पक्ष्याचा आवाज हवा असेल, तर बाहेरचा माइक लागतो. लांबट 'शॉटगन' माइक दूरचा आवाज ओढून आणतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो केवळ बाजूचे आवाज कमी करतो. थाळीसारखा 'पॅराबोलिक' परावर्तक मात्र आवाज एकवटून खरोखर मोठा करतो. तरीही त्याला मर्यादा आहे. ५५ सेंटिमीटर व्यासाची थाळी साधारण ६०० हर्ट्झच्या खालच्या आवाजांना फारशी मदत करत नाही. भारद्वाजाचा घुमारा किंवा मोठ्या घुबडांचा हुंकार टिपायला ती कुचकामी ठरते.

या सर्वांहून स्वस्त उपाय म्हणजे जवळ जाणे. अंतर निम्मे केल्यास आवाज सहा डेसिबलने वाढतो. अर्थात, पक्षी घरट्यावर असल्यास हा उपाय वर्ज्य समजावा.

कोणासाठी काय?

* नवशिके : आधी हातातला मोबाइल वापरावा. 'वेव्ह'मध्ये मुद्रण करणारे अॅप घ्यावे आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद ठेवावी. कॉर्नेल विद्यापीठाचे 'मर्लिन' अॅप आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचवते. ती सूचना समजावी, निर्णय नव्हे.
* नियमित भटकणारे : झूम एच१ इसेन्शियल किंवा टॅस्कॅमच्या डीआर मालिकेसारखा हातात मावणारा रेकॉर्डर घ्यावा. त्यात बाहेरच्या माइकसाठी जागा हवी.
* गंभीर अभ्यासक : तीन पिनांची एक्सएलआर जोडणी आणि माइकला वीज पुरवणारी ४८ व्होल्टची 'फँटम पॉवर' असलेला, झूम एफ३ सारखा रेकॉर्डर आणि त्याला साजेसा माइक निवडावा. एकूण रकमेचा मोठा भाग माइकसाठी राखावा.
* रात्रभराची नोंद हवी असणारे : ठरावीक वेळी आपोआप सुरू होणारे 'ऑडिओमॉथ'सारखे छोटे यंत्र झाडाला बांधून ठेवता येते. त्यापूर्वी जागेच्या मालकाची किंवा वन विभागाची परवानगी घ्यावी.

खरेदीपूर्वी भारतातील हमी आणि दुरुस्तीची सोय विचारावी. शक्य असल्यास दुकानातच हेडफोन लावून, 'गेन' पूर्ण वाढवून खरखर ऐकावी. माइकवर चढवायचे केसाळ वारारोधक कव्हर सोबतच घ्यावे; त्यावाचून घाटमाथ्यावरचा वारा सारे ध्वनिमुद्रण बिघडवतो. पावसाळी हवेसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. जंगलात सहज बदलता येणारे साधे सेल चालणारा रेकॉर्डर सोयीचा.

वापरताना

पहाटे रहदारी तुलनेने कमी असते आणि पक्षी सर्वाधिक बोलतात. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या स्वराला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, अशी ठेवावी. रेकॉर्डर हातात घट्ट धरण्याऐवजी छोट्या तिपाईवर लावावा, म्हणजे बोटांची खसखस येत नाही. टिपलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याचा मोह टाळावा. विणीच्या काळात तो प्रतिस्पर्ध्याचा आवाज समजून घरटे सोडून येतो आणि त्याची शक्ती व्यर्थ जाते.

ध्वनिमुद्रण संपताच यंत्र बंद न करता तारीख, वेळ, ठिकाण, हवामान आणि पक्षी दिसला की केवळ ऐकला, हे आपल्याच आवाजात नोंदवावे. मूळ फाइल न कापता जपावी. संपादन तिच्या प्रतीवर करावे. खोपोली परिसरात रस्ते आणि वस्ती वाढत आहे. एखाद्या ओढ्याकाठी आज कोण गातो, हे वीस वर्षांनी सांगायचे झाल्यास, तारीख आणि ठिकाण नसलेला सुरेल आवाज उपयोगी पडणार नाही. थोडी खरखर असली, तरी पूर्ण नोंद असलेला आवाज मात्र पडेल.