पडीक तुकडा हाती घ्यावा की नाही?

पुण्यात सदनिकेत राहणाऱ्या अनेक कुटुंबांच्या नावावर गावाकडे वडिलोपार्जित जमिनीचा एखादा हिस्सा असतो. कधी मुळशी, भोर, पुरंदर वा हवेली तालुक्यातील एखादे परिचित आपली पडून राहिलेली चार-पाच गुंठे जागा 'तुम्हीच करा, भाजीपाला लावा' म्हणून देऊ करतात. जागा पाहायला जावे, तर कमरेएवढे गवत, मधूनच घाणेरीची जाळी आणि बांध कुठे संपतो याचा पत्ता नाही. तरीही मन मोहवते. घरची मेथी, घरची वांगी ही कल्पनाच शहरी माणसाला सुखावणारी आहे. मात्र होकार देण्यापूर्वी काही हिशेब कागदावर मांडलेले बरे.

असा प्रश्न जगात इतरत्रही पडतो. ब्रिटनमध्ये स्थानिक संस्था रहिवाशांना भाजीपाल्यासाठी अल्प भाड्याने जमिनीचे तुकडे देतात. त्यांना तेथे 'अ‍ॅलॉटमेंट' म्हणतात. १९०८ च्या कायद्याने या पद्धतीला बळकटी दिली. तेथील पूर्ण तुकड्याचे पारंपरिक माप सुमारे २५० चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. एका कुटुंबाला तेवढेही जड जाते, म्हणून अनेक ठिकाणी अर्धेच तुकडे दिले जातात. आपल्याकडे मात्र 'निदान दहा गुंठे तरी हवेत' अशी सुरुवात होते.

रविवारचा हिशेब

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गवत उपटून, मुळे खणून, दगड वेचून दहा बाय दहा फुटांचा वाफा तयार करायला सवय नसलेल्या माणसाची एक सकाळ सहज जाते. एका गुंठ्यात असे जवळपास ११ वाफे बसतात. केवळ रविवारी जाणाऱ्याला एका गुंठ्यासाठी ११ आठवडे लागतील आणि पाच गुंठ्यांसाठी ५५, म्हणजे वर्षाहून अधिक. शेवटचा वाफा मोकळा होईपर्यंत पहिल्यावर एक पावसाळा होऊन गेलेला असेल आणि तण पुन्हा गुडघ्यापर्यंत आलेले असेल. पडीक जागा घेतलेले बहुतेक हौशी लोक येथेच हरतात. त्यांच्या कष्टात कसूर नसते. तणाची वाढ त्यांच्या सुटीच्या दिवसांपेक्षा वेगवान असते. किती जागा मिळते आहे यापेक्षा किती जागा पुन्हा माजू न देता राखता येईल, हे आधी ठरवावे लागते.

मजूर किंवा यंत्र लावले तर काम झटपट होते, हे खरे. परंतु हराळी वा लव्हाळा असलेल्या जमिनीत थेट रोटाव्हेटर घातला, तर मुळांचे आणि गाठींचे तुकडे होऊन ते सर्वत्र पसरतात आणि प्रत्येक तुकड्याला नवा कोंब फुटतो. महिनाभर रान स्वच्छ दिसते, नंतर पूर्वीपेक्षा दाट होते.

गवत काय सांगते

माजलेले रान ही जमिनीची माहितीपत्रिकाच असते. लव्हाळा दाट असेल, तर ओल टिकते किंवा पाणी साचते असे समजावे. कुसळी गवत आणि उघडा मुरूम दिसला, तर माती उथळ आहे. कुंदा असेल तर काळी, खोल जमीन असण्याचा संभव. पण तो खणून काढणे हे वेगळेच दिव्य. घाणेरी आणि सुबाभूळ यांची खोडे मनगटाएवढी झाली असतील, तर जागेला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही. तो का लावला नाही, हे शेजारच्या शेतकऱ्याला अवश्य विचारावे. पाण्याची वाट बंद झाली, भाऊबंदांचा वाद आहे, रानडुकरे येतात, अशी उत्तरे मालकापेक्षा शेजाऱ्याकडून लवकर मिळतात.

गाजरगवताविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्याचे पुण्याशी जुने नाते आहे. देशात ते प्रथम ठळकपणे नोंदवले गेले ते पुण्यातच, १९५० च्या दशकात. पीएल-४८० खाली आलेल्या अमेरिकी गव्हाबरोबर ते आले, अशी समजूत आहे आणि त्यावरूनच त्याला 'काँग्रेस गवत' म्हटले जाते; पण पुण्यात ते १९५१ मध्ये आढळल्याचा उल्लेख आहे आणि तो गव्हाचा करार १९५६ चा. असो. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात आणि त्या मातीत अनेक वर्षे टिकतात. त्वचेला खाज, पुरळ आणि काहींना दम्याचा त्रास यामुळे होतो. घरात कोणाला दमा किंवा त्वचेची अ‍ॅलर्जी असेल आणि जागा गाजरगवताने भरलेली असेल, तर नकार देणेच शहाणपणाचे. इतरांनी ते फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून आणि नाकावर रुमाल बांधून मुळासकट उपटावे. फुलापूर्वी उपटलेल्या गवताचे कंपोस्ट करता येते.

दाट रानात घोणस, नाग, मण्यार असू शकतात. मुरमाड, दगडाळ जागी फुरसेही. गमबूट घालून, काठीने गवत हलवत, एका बाजूने कापत जावे, म्हणजे प्राण्याला दुसरीकडून निघून जाता येते. दगडांच्या ढिगात हात घालू नये. पेटवून देण्याचा सोपा मार्ग तर टाळावाच. आग शेजारच्या रानात जाते, आणि जमिनीखालची मुळे जिवंतच राहतात.

पाणी

पुणे शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला ताम्हिणीकडे तो कित्येक पटींनी वाढतो, तर पूर्वेला पुरंदर, शिरूरकडे घटतो. तो सारा मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे मुळशीतील हिरवीगार जागाही मार्चमध्ये कोरडी ठणठणीत असू शकते. उन्हाळ्यात भाजीपाल्याला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका गुंठ्याला रोज ५०० लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत संपेल. ठिबक आणि आच्छादनाने हा आकडा खाली येतो, परंतु शून्य होत नाही. शेजारच्या विहिरीत हिस्सा आहे असे तोंडी सांगितले जात असेल, तर तो सात-बाराच्या 'इतर हक्क' रकान्यात आहे का, हे पाहावे.

कागद

सात-बारा उतारा महाभूमी संकेतस्थळावर पाहता येतो. त्यात भोगवटादार वर्ग एक की दोन, पोटखराबा किती आणि पीकपाहणीत 'पड' अशी नोंद किती वर्षे आहे, एवढे तरी वाचावे. वर्ग दोनच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. हद्दीबद्दल शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी झाल्याशिवाय कुंपणावर खर्च करू नये.

दुसऱ्याची जागा 'खंडाने' घेण्याचा मार्ग वाटतो तितका सरळ नाही. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकण्यासच नव्हे, भाडेपट्ट्याने देण्यासही परवानगी लागते. महापालिका हद्द आणि आराखड्यातील बिगरशेती विभागांना यात अपवाद आहेत. दुसरीकडे, १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने कुळे मालक झाली, ही आठवण जमीनमालकांच्या घरात आजही ताजी आहे. म्हणून ते लेखी काही देत नाहीत. सारा व्यवहार विश्वासावर चालतो आणि पहिल्या वर्षी रान साफ झाले, की दुसऱ्या वर्षी 'आता मुलगाच करणार आहे' असा निरोप येतो. कष्ट पहिल्या वर्षी आणि उत्पन्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, असा हा प्रकार असल्याने तीन वर्षांची खात्री नसेल तर हौशीपलीकडे खर्च करू नये. विहिरीचा गाळ काढणे, तारेचे कुंपण, बोअरवेल हे खर्च मालकाचेच. लेखी काही करायचे झाल्यास आधी वकिलाला विचारावे.

छोटा तुकडा विकत घेण्याच्या मोहात असणाऱ्यांनी तुकडेबंदी कायदाही ध्यानात घ्यावा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरवले. २०२५ मध्ये नागरी व निवासी विभागांसाठी सवलती आल्या, पण शेतीसाठीच्या अडीच गुंठ्यांना त्यांचा आधार मिळेल असे गृहीत धरू नये. जागेत झाडे असतील तर तीही मनास येईल तशी तोडता येत नाहीत. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा, ग्रामीण भागात साग, आंबा, जांभूळ अशा अनुसूचित वृक्षांसाठी १९६४ चा कायदा लागू होतो.

घ्यायचीच असेल तर

जागा दोनदा पाहावी, एकदा सप्टेंबरमध्ये आणि एकदा मेमध्ये. सप्टेंबरमध्ये तण कळते, मेमध्ये पाणी. दीड फूट खोल खड्डा घेऊन माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो, ते पाहावे. नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय शहरातच आहे, तर जिल्ह्यात नारायणगाव आणि बारामती येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत.

त्यानंतर पहिल्या वर्षी एक गुंठाच हाती घ्यावा. एप्रिल-मेमध्ये तो भिजवून पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकला, तर वरच्या थरातील बऱ्याच बिया उन्हाने मरतात. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातून वाचतात, त्या खणूनच काढाव्या लागतात. उरलेल्या जागेवरचे गवत बी धरण्यापूर्वी कापत राहावे आणि जिथे माती थोडी मोकळी झाली आहे तिथे जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडावा. दिवाळीच्या सुमारास त्या एका गुंठ्यात मेथी, मुळा, पालक लावता येईल. दुसऱ्या गुंठ्याचा विचार पुढच्या मेमध्ये, विहिरीत डोकावून करावा.