मुलांचा मुतखडा आणि बारीक होत गेलेले शस्त्र

मुतखडा हा थोरामोठ्यांचा विकार, अशी आम्हां उटनूरकर मराठी घरांतून जुनी समजूत आहे. इतिहास उलट सांगतो. अश्मरी विशेषेकरून बालकांना होते, असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. आणि शस्त्रकर्मापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी, असेही, कारण रोगी दगावण्याचे भय वैद्यालाही होते. तो खडा मूत्राशयातला. केवळ धान्यावर वाढणाऱ्या गरिबांच्या मुलग्यांत तो एकोणिसाव्या शतकातही सर्रास आढळे, आणि छेद घेऊनच काढावा लागे.

१८७८ मध्ये बोस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा फोडण्याची व चुरा त्याच वेळी धुऊन काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मुलांना ती वर्ज्य मानली गेली. मार्ग अरुंद, उपकरणे जाड. हा समज मोडला तो होळकरांच्या इंदुरात. तेथील रेसिडेन्सीचे सर्जन डी. एफ. कीगन यांनी १८८० च्या दशकात बारीक उपकरणांनी मुलग्यांचे खडे बिनछेदाचे काढून दाखविले. इंदूर हे आमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी कुटुंबांचे गाव. बोस्टनचे नाव सर्वतोमुखी आणि इंदूरचे क्वचित, हे आम्हांस खटकते.

मूत्रपिंडातल्या खड्याची कथा निराळी. १९७६ मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी पाठीतून छिद्र पाडून तो काढण्याची पद्धत मांडली. पुढे रूढ झालेले हे छिद्र आठ ते दहा मिलिमीटरांचे. तान्ह्या मुलाच्या इवल्या मूत्रपिंडाला ते भगदाडच. १९९८ मध्ये बाल्टिमोरच्या शल्यविशारदांनी खास लहान मुलांसाठी चार मिलिमीटरांहून अरुंद नळी वापरली. मुलांसाठी शोधलेली ही वाट मग मोठ्यांनाही लाभली. २०११ मध्ये नडियादच्या मुळजीभाई पटेल रुग्णालयातून महेश देसाई, रवींद्र सबनीस व सहकाऱ्यांनी त्याहून बारीक साधनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला: सुमारे दीड मिलिमीटरची सुई, तिच्यातूनच दिसते आणि तिच्यातूनच लेझरने खड्याचा भुगा होतो. भुगा लघवीवाटे जातो. मोठ्या खड्याला अर्थात रुंद वाट लागतेच.

मात्र छिद्र कितीही बारीक झाले तरी खड्याचे मूळ त्याने जात नाही. मुलांत त्यामागे पुष्कळदा चयापचयाचा जन्मजात दोष असतो, आणि तो न सापडल्यास खडा पुन्हा धरतो. म्हणून काढलेला खडा आईबापांनी आठवणीने तपासणीस द्यावा. कुळथाचे कढण त्यानंतर.