नाकाच्या मोजपट्टीपासून लाळेच्या नळीपर्यंत : आपली ओळख कोण ठरवणार?

घरबसल्या नळीत लाळ भरून पाठवा आणि आपले पूर्वज कुठले ते टक्केवारीत जाणून घ्या, अशा जाहिराती आता शहादा-तळोद्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या मोबाइलवरही येतात. त्यावरून एक प्रश्न हमखास निघतो. आपण या देशाचे मूलनिवासी आहोत हे डीएनएने सिद्ध होणार असेल, तर ही चाचणी का करू नये? आमचे उत्तर स्पष्ट आहे. आजार ओळखायला रक्त जरूर तपासा. पण आपण कोण आहोत हे ठरवण्याचा अधिकार कुठल्याही नळीला देऊ नका. शरीर मोजून माणसाची जागा ठरवण्याचा खेळ जुना आहे आणि बाबासाहेबांनी तो केव्हाच उधळून लावला आहे.

१९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ली हा नाकाची लांबी-रुंदी मोजत असे. नाक जितके रुंद तितका माणसाचा सामाजिक दर्जा खालचा, हा त्याचा सिद्धांत. जातीच्या उतरंडीवर त्याने विज्ञानाचा शिक्का मारला. युरोपातही हेच चालले होते. १९२७ साली इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाकडे शिकायला गेल्या. त्यांनी कवट्या मोजल्या आणि गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा त्याचा समज मोजमापात टिकत नाही असे दाखवून दिले. पुढे याच फिशरच्या संस्थेने नाझींच्या वंशशुद्धीला शास्त्राचा आधार पुरवला. भारतात परतल्यावर कर्वेबाईंनीही महाराष्ट्रातल्या जाती-जमातींची शारीरिक मोजमापे घेतली. पण १९६१ साली पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारच्या भिल्लांवर त्यांचे जे पुस्तक आले, ते सामाजिक आणि आर्थिक पाहणीचे होते. भिल्लांची अवस्था समजून घ्यायची तर नाकापेक्षा जमीन, मजुरी आणि कर्ज पाहावे लागते.

बाबासाहेब यापुढे गेले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ रक्तात नव्हे, तर जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात शोधले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये जात म्हणजे वंशभेद हा युक्तिवाद त्यांनी खोडून काढला. १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी घुर्ये यांनी मांडलेले नाकाच्या मोजमापांचे आकडेच उलटे फिरवले. या आकड्यांवरून ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य ठरतात आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, असे त्यांनी दाखवले. शत्रूची मोजपट्टी हातात घेऊन त्यांनी ती तिथेच मोडली.

असे असताना आपल्याच चळवळीत गेली वीस-पंचवीस वर्षे 'डीएनए रिपोर्ट' मिरवला जातो, याला काय म्हणावे? २००१ साली मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यात आंध्र प्रदेशातल्या आठ जातींच्या सुमारे २६५ पुरुषांचे नमुने होते. एवढ्या नमुन्यांवरून 'ब्राह्मण विदेशी, बहुजन स्वदेशी' असा देशभरचा निकाल भाषणांतून दिला गेला. यातला राजकीय धोका ओळखा. भूमीवरचा हक्क रक्तावरून ठरतो हे एकदा मान्य केले, की तेच हत्यार उद्या आपल्यावर, मुसलमानांवर, स्थलांतरित मजुरांवर फिरते. संविधानाने नागरिकत्व दिले ते रक्त तपासून दिलेले नाही.

आता चाचणी किती खरी ते पाहू. कंपनी तुमचा डीएनए तिच्याकडे असलेल्या आजच्या माणसांच्या नमुन्यांशी ताडून पाहते आणि अंदाज टक्क्यांत मांडते. नमुने वाढले की टक्के बदलतात. माणूस तोच, अहवाल वेगळा. ज्या समूहांचे नमुने तिच्याकडे थोडे, त्यांच्याबद्दलचा अंदाज तितकाच ढोबळ. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा किंवा आईकडून येणाऱ्या सूत्रकणिकेच्या डीएनएचा माग काढला तर एकच धागा हाती लागतो. दहा पिढ्या मागे गेलो तर पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. त्यातल्या एकालाच 'मूळ पुरुष' ठरवणे हीच पितृसत्ता आहे.

जनुकशास्त्र निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. २०१३ साली प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले समूह मोठ्या प्रमाणावर मिसळले आणि नंतर ही सरमिसळ थांबत गेली. म्हणजे शुद्ध रक्ताचा इथे कुणीच नाही, ब्राह्मणही नाही आणि आपणही नाही. रक्त वेगळे म्हणून जाती पडल्या नाहीत. लग्नावर पहारे बसवले म्हणून समूह वेगळे झाले. बाबासाहेबांनी हे १९१६ सालीच समाजशास्त्राच्या आधारे मांडले होते. त्यासाठी त्यांना लाळेची नळी लागली नाही.

खासगीपणाचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. शिवाय एकाने लाळ दिली की भाऊ, बहीण, मुले, सगळ्यांचीच माहिती जाते. २०२३ साली अमेरिकेतल्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. चोरांनी ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या वेगळ्या काढून विकायला ठेवल्या. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि लोकांच्या जनुकीय माहितीचा साठा लिलावाचा माल झाला. ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी विद्यापीठाला रक्त दिले होते. ते त्यांना न विचारता मानसिक आजार आणि स्थलांतराच्या संशोधनातही वापरले गेले. लढा दिल्यावर २०१० साली त्यांना भरपाई आणि उरलेले नमुने परत मिळाले. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला वेगळे, कडक संरक्षण नाही. जिथे आडनावावरून खोली नाकारतात, तिथे अशा याद्या कुणाच्या हाती लागतील याचा विचार करा.

नंदुरबारमध्ये ओळखीचा प्रश्न हा रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. जमातीचा दाखला पडताळणी समितीपुढे जातो. तिथे देव, लग्नविधी, बोली यांवर प्रश्न विचारणारी आप्तभाव चाचणी असते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात ही चाचणी अंतिम कसोटी नाही असे स्पष्ट केले आणि जुन्या कागदांचे मोल अधोरेखित केले. वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही पुरावा मानले जाते. अक्राणीच्या डोंगरातल्या म्हाताऱ्याचा शब्द कायद्याला चालतो. उद्या कुणी त्याच्या जागी लाळेचा अहवाल मागू लागला, तर तो आपण ठामपणे नाकारला पाहिजे. १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने शहाद्यात भिल्लांच्या गेलेल्या जमिनींसाठी आणि मजुरीसाठी लढा दिला, तो माणूस म्हणून आणि कष्टकरी म्हणून.

सिकलसेलची तपासणी मात्र टाळू नका. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात हा आजार आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही तपासणी रक्तातले हिमोग्लोबिन पाहते आणि आपल्या मुलांचा जीव वाचवायला उपयोगी पडते. पण तिथेही विचारा : नमुना कशासाठी घेता, कुठे ठेवता, दुसऱ्या कशासाठी वापरणार का? लग्न जमवताना वाहक मुलीलाच नाकारले जात असेल तर तिच्या बाजूने उभे राहा.

आणि मुळांचा शोध घ्यायचाच असेल तर शाळेचे जुने दाखले काढा, गाव नमुने काढा, आजी-आजोबांच्या आठवणी लिहून घ्या. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, तेव्हा कुणाचे रक्त तपासले नव्हते. बुद्धाने माणूस जन्माने नव्हे, कर्माने ठरवला. आपली ओळख तिथे आहे.

जय भीम! जय जोहार!