माळवद, इंजिनिअर आणि गावातल्या बाया



घराचं काम निघालं की गवंडी, ठेकेदार आणि घरातले कारभारी ओसरीवर बसून सगळं ठरवतात. चहा आपण करतो, पण चूल कुठं, मोरी कुठं, हे आपल्याला कुणी विचारत नाही. म्हणून आज आम्ही आपल्याच लातूर-धाराशिव भागाचा एक इतिहास सांगणार आहोत. इथं बायका इंजिनिअरशी घराबद्दल बोलल्या, आणि त्यातून पुष्कळ काही घडलं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर भागात धरणी हादरली. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. बहुतेक जण आपल्याच घराखाली गाडले गेले.

असं का झालं? आपली जुनी माळवदाची घरं आठवा. दोन-अडीच फूट जाडीची भिंत म्हणजे मजबूत, असं आपण समजत होतो. पण ती भिंत आतून दोन वेगळ्या भिंतींसारखी होती. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मध्ये माती-खडीचा भराव. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड क्वचितच असायचा. वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचं छत. गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी माती पसरायची, त्यामुळं छताचं ओझं वाढतच गेलं. हादरा बसला तशा भिंती फुगून फाटल्या. कितीतरी ठिकाणी लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती तेवढ्या कोसळल्या.

पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या गावांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पण ज्यांची घरं तडकली होती, त्यांचं काय? अशी घरं सुमारे दोन लाख होती. राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं त्यांच्यासाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम घेतला. नुकसान पाहून घरामागं १७ ते ३४ हजार रुपयांची मदत होती. काम घरमालकानं करून घ्यायचं आणि सल्ला इंजिनिअरनं द्यायचा, अशी रीत ठरली.

पण इंजिनिअर शिकलेला, त्याची भाषा कागदाची. गावाला ती कळायची कशी? लोकांचा सहभाग वाढवण्याचं काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडं आलं. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली होती. गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' निवडल्या गेल्या. योजना समजावून सांगायची, बायकांना बैठकीला आणायचं, इंजिनिअर आणि घरमालक यांच्यात दुवा व्हायचं, हे त्यांचं काम. तोवर सरकारी बैठकीत कोपऱ्यात बसणाऱ्या बाया आता भिंतीतल्या आरपार दगडाबद्दल, छतावरची माती कमी करण्याबद्दल, दारा-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याबद्दल बोलू लागल्या.

आम्हाला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. भिंत का पडते हे इंजिनिअरला कळतं. पण धान्याची पोती कुठल्या भिंतीला टेकतात, पाणी कुठं मुरतं, रात्री पोरं कुठं झोपतात, हे घरात वावरणारीला ठाऊक असतं. दोघांचं बोलणं झालं तरच घर नीट होतं.

सगळंच साधलं असं मात्र नाही. लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली होती. म्हणून कितीतरी जणांनी जुनं घर मजबूत न करता त्या पैशात शेजारी सिमेंटची एक खोली बांधली. जुनं माळवद तसंच राहिलं, आणि संसाराचा बराचसा भाग त्याच्याच आत राहिला. खरं तर दोष दगडाचा नव्हता, तो रचण्याच्या पद्धतीचा होता. पट्टा नसलेली, कच्च्या मालाची सिमेंटची खोलीही भूकंपात तितकीच धोक्याची.

त्या वेळी जोडलेल्या बायकांमधून पुढं बचत गट उभे राहिले. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातल्या बाया तिथं गेल्या आणि घर पुन्हा कसं उभं करायचं हे तिथल्या बायकांना अनुभवातून सांगितलं.

मैत्रिणींनो, आज आपल्यातल्या कितीतरी जणी गटाचं कर्ज काढून खोली वाढवतात, स्लॅब टाकतात. तेव्हा इंजिनिअरला चार गोष्टी विचाराच. कुठली भिंत फोडायची नाही? दारावरचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग जाणार का? जुनी आणि नवी भिंत एकमेकींना कशी सांधणार? वरचं ओझं खालचा पाया पेलेल का? नकाशा कागदावर कळत नसेल तर जमिनीवर फक्की मारून दाखवा म्हणा. त्या रेघांच्या आत उभं राहून चूल, मोरी, कणगी कुठं येईल ते बघा. खर्चाच्या अंदाजाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा, आणि झालेलं काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

विचारायला लाजू नका. त्या छताखाली झोपणार आपण आणि आपली लेकरं आहोत.