फ्लोरा फाउंटन, रात्री : एका उशिरा निघालेल्या छायाचित्राची गोष्ट

थ्रेड.

१/
फ्लोरा फाउंटनची जुनी छायाचित्रे आपण पुष्कळ पाहिली असतील. फिकट दगडाचे कारंजे, भोवती ऐसपैस रस्ता, एखाददुसरी घोडागाडी. त्या कारंज्याच्या आरंभीच्या काळातील जे चित्र हाती घ्यावे ते दिवसाउजेडीचे. आज मात्र कॅमेरा घेऊन मंडळी तेथे जातात ती दिवेलागणीनंतर. हा बदल कसा घडला, आणि रात्रीच्या चौकटीत नेमके काय येते व काय सुटते, याविषयी आज लिहितो.

२/
प्रथम जागेविषयी. आज जेथे कारंजे आहे तेथे पूर्वी मुंबईच्या कोटाचा एक दरवाजा होता. आतल्या सेंट थॉमस चर्चवरून त्याला चर्चगेट म्हणत. रात्री कोटाचे दरवाजे बंद होत. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तटबंदी पाडली गेली आणि शहर मैदानाकडे मोकळे झाले. ज्या ठिकाणी रात्री वाट अडत असे तेथेच पुढे रात्रीचा फेरफटका मारण्याजोगा चौक झाला.

३/
हे कारंजे मुळात या चौकासाठी घडवलेले नव्हते. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेला ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, बसवायचे होते. नावही फ्रिअर यांचे द्यायचे ठरले होते. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांचे, दगड इंग्लंडमधला पोर्टलंड. एकूण खर्च ४७,००० रुपये. त्यांपैकी २०,००० रुपये करसेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. गव्हर्नरांचे नाव मागे पडले आणि शिखरावर उभ्या असलेल्या रोमन पुष्पदेवतेचे नाव टिकले. देणगीदारांचे नाव मात्र आज चौकातून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

४/
आता उजेडाकडे वळू. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले. एस्प्लनेड, भेंडीबाजार आणि चर्चगेट स्ट्रीट हे पहिले मानकरी. चर्चगेट स्ट्रीट म्हणजे कारंज्याला लागूनच असलेला आजचा वीर नरिमन रस्ता. दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाई आणि त्याच्यामागे बघ्यांची गर्दी चालत राही, असे वर्णन आढळते.

५/
छायाचित्रकारही होते. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ सालीच स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रकार आणि त्या मंडळीतलेच. म्हणजे कारंजे होते, दिवे होते, कॅमेरे होते आणि ते हाताळणारी माणसेही होती. अडचण काचेची होती.

६/
त्या काळची रीत ‘ओल्या काचे’ची, म्हणजे वेट कोलोडियनची. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ती १८५१ साली जाहीर केली. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुवायची. हाताशी वेळ साधारण दहा मिनिटे. मुंबईच्या उकाड्यात त्याहूनही कमी.

७/
आता थोडे गणित करू, कारण सारे उत्तर त्यातच आहे. आजच्या मापाने ओल्या काचेची संवेदनशीलता आयएसओ १ च्या आसपास धरतात. समजा, आज झगमगत्या दिव्यांत आयएसओ १०० वर कारंजे टिपायला १० सेकंद लागतात. मग आयएसओ १ ला शंभरपट वेळ हवा : १,००० सेकंद, जवळपास १७ मिनिटे. तोवर काच वाळून गेलेली. हा हिशेबही आजच्या उजेडाचा. गॅसची ज्योत त्यापुढे मिणमिणती. शिवाय ओल्या काचेला दिसे तो मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाश. गॅसचा उजेड पडला पिवळा! चौकात बघ्यांचे डोळे दिपत होते, त्याच दिव्याखाली काच जवळजवळ आंधळी होती.

८/
जगात इतरत्र खटपटी चालू होत्या. पॅरिसमध्ये नादार यांनी १८६१ च्या सुमारास भूमिगत अस्थिगृहांत विजेच्या कृत्रिम प्रकाशात छायाचित्रे घेतली. एकेका चित्राला अठरा-अठरा मिनिटे लागत. इतका वेळ माणूस निश्चल राहील कसा? त्यांनी कामगारांच्या जागी कपडे चढवलेले पुतळे उभे केले. हे वाचल्यावर जुन्या छायाचित्रांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

९/
कारण दिवसाच्या चित्रांतही हाच खेळ आहे. काही सेकंद भिंग उघडे राहिले की जो चालला तो पुसट झाला, आणि जो भरभर चालला तो नाहीसाच. म्हणून जुन्या मुंबईचे रस्ते इतके ओस दिसतात. ते ओस नव्हते. हमाल, भिस्ती, फेरीवाले, कचेरीकडे निघालेले कारकून सारे तेथेच होते. काचेवर उरले ते दगड, खांब आणि ज्यांना ‘हलू नका’ असे बजावले होते ती माणसे.

१०/
पुढची वाटचाल थोडक्यात. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि १८८० च्या सुमारास ती बाजारात रुळली. आता काच वाळण्याची धास्ती उरली नाही. १८९० च्या दशकात लंडनमध्ये पॉल मार्टिन यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी रात्रीचे रस्ते टिपले. दिवे लावलेली गाडी समोर आली की भिंगावर टोपी घालायची, गेली की काढायची, असा तो उद्योग. ओल्या रात्री त्यांच्या आवडीच्या. भिजलेला रस्ता दिव्यांचा उजेड परत फेकतो.

११/
मुंबईतही विजेने जम बसवला. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. ट्राम १९६४ साली बंद झाली. पण अलीकडच्या जीर्णोद्धाराच्या वेळी कारंज्यालगत खोदताना तिचे रूळ डांबराखाली सापडले.

१२/
याच चौकाच्या इतिहासात २१ नोव्हेंबर १९५५ ही तारीख आहे. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध कामगार व सामान्य माणसे विधानसभेकडे निघाली होती. फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी पंधरा जणांचे प्राण गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचा १०६ हा आकडा आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असतो. त्याची सुरुवात या फरसबंदीवर झाली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. १९६१ साली कारंज्याशेजारी मशाल धरलेल्या शेतकरी व कामगाराचे स्मारक उभे राहिले आणि चौकाचे नाव हुतात्मा चौक झाले.

१३/
कारंजे पुढे अनेक वर्षे कोरडे राहिले. दगडावर पांढऱ्या तैलरंगाचे थर चढले. (दगडाला ‘स्वच्छ’ दाखवण्यासाठी रंग फासण्याची आपली हौस हा वेगळ्या थ्रेडचा विषय आहे.) संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली रंग उतरवला गेला, शिल्पांची डागडुजी झाली, पाण्याची व्यवस्था नव्याने केली गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा वाहू लागले. रात्रीच्या छायाचित्रांची लाट त्यानंतरची.

१४/
आणि येथेच माझी तक्रार आहे. ती कोणा एकाविरुद्ध नाही, माझ्याही विरुद्ध आहे. तिपाई लावून मी पहिल्यांदा रात्री तेथे उभा राहिलो तेव्हा फ्लोराच्या उजळ दगडावर प्रकाश मोजला. पाण्याचे रेशीम झाले, मोटारींच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेषा उमटल्या, मला मोठा आनंद झाला. घरी येऊन पाहतो तर चौकटीच्या कडेला स्मारक होते खरे, पण काळ्या ठिपक्यासारखे. गडद पुतळा उजळ दगडाशेजारी आला की एकाच मोजमापात दोघे मावत नाहीत. फ्लोरा साधली की मशालवाले अंधारात बुडतात. त्यांना साधायला गेले की फ्लोरा पांढरी फटक पडते. १८६५ ची काच पिवळा उजेड पाहू शकत नव्हती, तिचा नाइलाज होता. माझा तसा कोणताच नाइलाज नव्हता.

१५/
उपाय कठीण नाही. तिपाई न हलवता दोन चित्रे घ्यावीत, एक दगडासाठी, एक पुतळ्यासाठी, आणि मग जोडावीत. फोनचा नाइट मोड अनेक चित्रे एकावर एक रचून जवळपास हेच करतो. किंवा जुन्या मंडळींप्रमाणे संधिप्रकाशाची वेळ साधावी. आकाशात निळाई शिल्लक असते, दिवे नुकतेच लागलेले असतात आणि दोन्ही शिल्पांच्या कडा स्पष्ट राहतात. पावसाळ्यात, सर ओसरल्यावर गेलात तर आणखी चांगले. फरसबंदी स्वतःच उजेड देते.

१६/
जाता जाता फ्लोराविषयी एक तपशील. प्राचीन रोममध्ये तिच्या उत्सवात रात्री दिवे उजळत, अशी नोंद कवी ओव्हिडने करून ठेवली आहे. शेजारी मशाल येऊन उभी राहिली याचे तिला फारसे नवल वाटले नसते.

१७/
आपल्यापैकी कोणाच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत किंवा जुन्या अल्बममध्ये, १९५० किंवा १९६० च्या दशकातले या चौकाचे रात्रीचे छायाचित्र असेल तर खाली जोडा. हललेले, धूसर असले तरी चालेल. मागे तारीख किंवा नावे लिहिलेली असतील तर तीही बाजू टिपून पाठवा.