जिव्हा, भाषा आणि खूण : एका अर्थविवादाचा मागोवा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासाचा विचार बहुधा मुंबई आणि अहमदनगर यांच्याभोवतीच फिरत राहतो. बुलढाणा जिल्हा त्यात क्वचितच येतो. वास्तविक खामगाव, मलकापूर आणि बुलढाणा येथे ठाणी उभारणारे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ हे मिशन ज्या संघटनेचे होते, ती संघटना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका अर्थविवादाने आतून ढवळून निघाली. विवादाचा विषय होता प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय.

या अध्यायात शिष्यांवर अग्नीच्या जिव्हा उतरतात आणि लगेच पुढच्याच ओवीत ते अन्य भाषांतून बोलू लागतात. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी ‘ग्लोसा’ हा एकच शब्द आहे. इंग्रजीलाही ही सांगड जपता येते. मराठीत मात्र जीभ वेगळी आणि भाषा वेगळी. अनुवादकाला निवड करावीच लागते, आणि निवड होताच मूळचा श्लेष लोपतो. शिवाय १६११ च्या इंग्रजी बायबलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात ‘अज्ञात’ हे विशेषण आपल्या पदरचे घातले (ते वेगळ्या वळणाच्या अक्षरांत छापले, हा त्या अनुवादकांचा प्रामाणिकपणा). सामान्य वाचकाच्या मनात ‘अज्ञात भाषा’ ही स्वतंत्र कोटी रुजली, ती बऱ्याच अंशी त्या विशेषणामुळे.

१९०५ च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्तिसदनात जे धार्मिक पुनरुज्जीवन घडले, त्यात प्रथम महत्त्व होते ते अग्नीला. एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्याने दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पंडिता रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच पवित्र आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख आहे. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायातील तो अग्नी त्यांच्या लेखी अंतःकरण शुद्ध करणारा होता. परंतु त्याच्या पुढच्याच ओवीत भुसा जाळण्याची गोष्ट येते, आणि म्हणून हा अग्नी न्यायनिवाड्याचा आहे, असे म्हणणारे भाष्यकारही आहेत. दोन्ही पक्ष एकाच संदर्भाचा आधार घेतात. एक मागे पाहतो, दुसरा पुढे.

अमेरिकेत चार्ल्स पारहॅम यांनी १९०१ पासून अन्य भाषांत बोलणे हाच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा, असे प्रतिपादन केले. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून त्या मताचा प्रसार झाला. त्याविरुद्ध पौलाचाच प्रश्न पुढे करण्यात आला : सर्वच जण भाषा बोलतात काय? अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांनी भाषांना अनेक दानांपैकी एक मानले, पुरावा मानले नाही. रमाबाईंचाही १९०७ मधील निर्वाळा जवळजवळ हाच आहे : ही एक खूण खरी, पण एकमेव वा अनिवार्य नव्हे. ज्यांच्या अंगणात ते सारे घडत होते, त्यांनीच हा संयम दाखवावा, हे विशेष म्हणावे लागेल. पुढे १९१६ मध्ये ‘असेम्ब्लीज ऑफ गॉड’ने उलट मत आपल्या मूलभूत तत्त्वांत नोंदविले.

जुन्या मंडळ्यांना हा वादच परका होता. पेत्र आणि योहान शोमरोनात जाऊन हात ठेवतात, हा आठव्या अध्यायातील प्रसंग रोमन कॅथलिक परंपरेने दृढीकरण-संस्काराचा आधार म्हणून वाचला. तिथे प्रश्न अनुभवाचा नसून अधिकाराचा आहे. या अधिकाराशी रमाबाईंचा झगडा जुनाच होता. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, शास्त्राचा अर्थ चर्चने लावून द्यावा हे त्यांनी मान्य केले नव्हते.

याच वर्षांत त्या हिब्रू-ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद करीत होत्या. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी साधी मराठी हवी आणि हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द टळावेत, असा त्यांचा आग्रह होता. प्रार्थनेत अनाकलनीय वाणी ऐकणाऱ्या या विदुषीने टेबलापाशी बसून मात्र सुबोधतेचाच पक्ष घेतला. पौलानेही करिंथच्या मंडळीला समजेल अशा पाच शब्दांची थोरवी सांगितली होती. १९२२ च्या एप्रिलमध्ये, अनुवाद हातावेगळा होताच, त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.